सॅक पाठीला लावून थाखेकला चार दिवस: जाण्याआधी, तिथे आणि परतल्यावर

पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ परवा मुलीबरोबर दवाखान्यात आले. मधुमेह दहा-बारा वर्षांचा, साखर बऱ्यापैकी ताब्यात. मुलगी म्हणाली, "डॉक्टर, बाबांना घेऊन लाओसला चाललेय. थाखेक म्हणून गाव आहे, तिथे चार दिवस. सॅक घेऊनच फिरणार आहोत. पोट बिघडलं तर लागतील अशा दोन-चार गोळ्या लिहून द्या."

काही वर्षांपूर्वी मी या गोळ्या पाच मिनिटांत लिहून दिल्या असत्या आणि "मजा करा" म्हणून निरोप दिला असता. मधल्या काळात आलेल्या एका पेशंटमुळे माझी ती सवय मोडली. त्यांच्याबद्दल पुढे सांगते. या बापलेकीला मात्र मी चाळीस मिनिटं बसवून ठेवलं. तेव्हा जे बोलणं झालं तेच इथे थोडं नीट मांडते आहे, कारण बँकॉक-पट्टाया सोडून अशा आडगावांना जाणारे मराठी प्रवासी आता वाढले आहेत आणि त्यांत पन्नाशीपुढचे लोकही बरेच असतात.

गाव कुठे आहे, हे आधी समजून घ्या

थाखेक हे लाओसच्या खाम्मुआन प्रांताचं मुख्य ठिकाण. मेकाँग नदीच्या काठावर वसलेलं. नदीपलीकडे थायलंडचं नाखोन फानोम शहर दिसतं आणि २०११ पासून दोन्हीकडच्या वाहतुकीसाठी पूल आहे. राजधानी व्हिएन्टिआन बसने साधारण साडेतीनशे किलोमीटरवर. गावात फ्रेंच काळातल्या काही जुन्या इमारती, नदीकाठचा चौक आणि संध्याकाळच्या खाण्याच्या टपऱ्या आहेत. पण बहुतेक लोक इथे येतात ते 'लूप'साठी. भाड्याची दुचाकी घेऊन चुनखडीच्या डोंगरांमधून साधारण साडेचारशे किलोमीटरची फेरी मारायची. वाटेत नाकाईचं पठार लागतं, नाम थून-२ धरणाच्या पाण्यात उभी असलेली वठलेली झाडं दिसतात, आणि साडेसात किलोमीटर लांबीची कोंग लोर गुहा होडीतून पार करता येते.

डॉक्टर म्हणून माझं लक्ष वेगळ्या गोष्टीकडे जातं. या फेरीत तुम्ही प्रांताच्या रुग्णालयापासून अनेक तास दूर असता. गावोगावच्या आरोग्य केंद्रात मलमपट्टी होईल, सलाईन मिळेल. पण डोक्याला मार लागला, मांडीचं हाड मोडलं किंवा श्वास लागला तर तिथे फार काही होत नाही. गंभीर रुग्णाला बहुधा पुलावरून थायलंडलाच न्यावं लागतं. म्हणून तीन गोष्टी निघण्यापूर्वीच तपासा. तुमच्या विम्यात रुग्णाला दुसऱ्या देशात हलवण्याचा खर्च धरला आहे का? थायलंडमध्ये पुन्हा शिरण्याची परवानगी तुमच्याकडे असेल का? आणि पुलावरची सीमा किती वाजता उघडते, किती वाजता बंद होते? ती चोवीस तास उघडी असते असं गृहीत धरू नका.

विम्याचा कागद वाचायचा कंटाळा येतो, मलाही येतो. तरी दोन कलमं शोधाच. पहिलं, आधीपासूनच्या आजारांचं. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार लपवून विमा घेतला तर ऐन वेळी दावा फेटाळला जातो. दुसरं दुचाकीचं. गिअरवाल्या दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नसेल, किंवा हेल्मेट नसेल, तर अपघाताचा खर्च अनेक कंपन्या देत नाहीत.

लसी: निदान चार आठवडे आधी या

आदल्या आठवड्यात आलात तर मला फार थोडं करता येतं. चार ते सहा आठवडे हातात असतील तर बरं.

'आपण भारतातलेच, आपल्याला काय होतंय' हा समज जुन्या पिढीपुरता थोडासा खरा होता. लहानपणी अशुद्ध पाण्यातून हिपॅटायटिस ए, म्हणजे साधी कावीळ, नकळत होऊन जायची आणि आयुष्यभराची प्रतिकारशक्ती मिळायची. शहरात फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या आजच्या तरुणांना ती मिळालेली नसते, आणि मोठ्या वयात होणारी कावीळ जास्त त्रास देते. त्या घरात बापापेक्षा चोवीस वर्षांच्या मुलीला ही लस देणं जास्त गरजेचं होतं. टायफॉइडची नवी संयुग्म लस एका डोसची आहे, ती दोघांनाही दिली. धनुर्वाताचं इंजेक्शन दहा वर्षांत झालं नसेल तर तेही घ्यावं. भारतातून थेट जाणाऱ्याला पीतज्वराची लस लागत नाही.

रेबीजबद्दल मात्र थोडं सविस्तर. कुत्रा चावल्यावर पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात ही भीती आपल्या घरांत अजून आहे. तो प्रकार कधीच बंद झाला. आता दंडात चार-पाच इंजेक्शनं असतात आणि ती विशेष दुखत नाहीत. अडचण वेगळीच आहे. जखम खोल असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही टोचावं लागतं, आणि लाओसच्या ग्रामीण भागात ते मिळणं जवळजवळ अशक्य आहे. लसही प्रत्येक केंद्रात नसते. प्रवासाआधीच रेबीजच्या लसीचे दोन किंवा तीन डोस घेतले असतील, तर चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिनची गरज राहत नाही. फक्त पहिल्या आणि चौथ्या दिवशी लसीचा एकेक डोस पुरतो. शहरात हॉटेलात राहणाऱ्याला मी हे आधीचे डोस सुचवत नाही. दुचाकीवरून खेड्यापाड्यांत फिरणाऱ्याला सुचवते.

रोजची औषधं

चार दिवसांचा मुक्काम असला तरी दहा दिवसांची औषधं न्या. दोन भाग करा, एक हातातल्या पिशवीत आणि एक सॅकमध्ये. एक सॅक हरवली म्हणून उपचार थांबू नयेत. पाकिटावरचं ब्रँडचं नाव तिकडच्या डॉक्टरला कळणार नाही, म्हणून मूळ औषधाचं नाव आणि मात्रा इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी माझ्याकडून घ्या. झोपेच्या गोळ्या, ट्रॅमाडॉल, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध असं काही असेल तर बँकॉकमार्गे जाताना आधीच थायलंडचे नियम पाहा. ते कडक आहेत.

इन्सुलिन विमानाच्या सामानकक्षात देऊ नका, तिथल्या थंडीत ते गोठून निकामी होऊ शकतं. हातातच ठेवा. वापरात असलेलं पेन तीस अंशांखाली साधारण चार आठवडे टिकतं. पण मार्च-एप्रिलमध्ये तिथे दुपारचं ऊन पस्तिशीच्या पुढे जातं आणि दुचाकीच्या डिकीत त्याहून जास्त तापतं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंड पिशव्या मिळतात, त्या घ्या. त्या नसतील तर पेन ओल्या रुमालात गुंडाळून सावलीत ठेवलं तरी चालतं.

आणि एक गोष्ट पेशंटला बहुधा कोणी सांगत नाही. जुलाब-उलट्या सुरू झाल्या आणि खाणं बंद पडलं, की मधुमेहाच्या काही गोळ्या थांबवाव्या लागतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या अशा वेळी चालू ठेवल्या तर साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचू शकतं. मेटफॉर्मिनही पाणी कमी पडलेल्या शरीरात नको. रक्तदाबाच्या काही गोळ्यांचंही तसंच. इन्सुलिन मात्र स्वतःच्या मनाने पूर्ण बंद करायचं नाही. कोणती गोळी थांबवायची, कोणती नाही, हे जाण्याआधी आपल्या डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. तापाने फणफणलेला माणूस परदेशातल्या खोलीत बसून हे आठवू शकत नाही.

सगळ्यात मोठा धोका डासाचा नाही, दुचाकीचा आहे

लोक मला मलेरियाबद्दल विचारतात, दुचाकीबद्दल कोणी विचारत नाही. पण अशा सहलीतून माणूस मोडून येतो तो बहुतेक वेळा रस्त्यावर.

लाओसमध्ये वाहनं उजव्या बाजूने चालतात. आपल्याला जन्मभर डावीची सवय. गर्दीत चूक होत नाही, कारण समोरच्यांना पाहून आपण चालवतो. चूक होते ती मोकळ्या रस्त्यावर, चहाला थांबून पुन्हा निघताना. सवयीने गाडी डावीकडे जाते आणि वळणावर समोरून ट्रक येतो. मी त्या मुलीला म्हटलं, हँडलच्या मधोमध एक चिकटपट्टी लाव आणि तिच्यावर उजवीकडे बाण काढ. हसली, पण काढीन म्हणाली. पायी रस्ता ओलांडतानाही आधी डावीकडे बघायचं, गाडी तिकडूनच येते.

पुण्या-मुंबईत वीस वर्षं स्कूटर चालवली म्हणजे खडीच्या उतारावर गिअरची गाडी जमेल असं नाही. खात्री नसेल तर फेरीचा आग्रह सोडा. कोंग लोरला बस-टेम्पो जातात आणि गावाजवळच्या गुहा रिक्षासारख्या टुकटुकने दिवसभरात होतात. चालवणारच असाल तर हनुवटी झाकणारं हेल्मेट, पूर्ण पँट आणि बंद बूट हवेत. अंधार पडण्याआधी मुक्काम गाठा. गुरं, कुत्री आणि दिवे नसलेले टेम्पो संध्याकाळी दिसत नाहीत. गाडी घेताना तारण म्हणून पासपोर्ट देऊन टाकू नका. रात्री रुग्णाला सीमापार न्यायचं असेल आणि पासपोर्ट दुकानाच्या कुलपात असेल, तर काय होईल विचार करा.

लहानसा पण हमखास होणारा अपघात म्हणजे तापलेल्या सायलेन्सरला पोटरी भाजणं. भाजल्यावर लगेच वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली पाय धरा. टूथपेस्ट, हळद, तूप काहीही लावू नका. फोड फोडू नका. स्वच्छ, न चिकटणारी पट्टी लावा. मधुमेह्याने अशी जखम असताना नदीत किंवा चिखलात पाय घालायचा नाही.

रस्त्याकडेला थांबण्याबद्दल एक सूचना आहे, ती वैद्यकीय म्हणावी की नाही मला माहीत नाही. १९६४ ते १९७३ या काळात अमेरिकेने लाओसवर वीस लाख टनांहून अधिक बॉम्ब टाकले आणि क्लस्टर बॉम्बमधले कोट्यवधी छोटे गोळे न फुटता जमिनीत राहिले. पूर्वेकडची व्हिएतनामलगतची बाजू त्यात खूप भरडली गेली, खाम्मुआनही त्यातलाच. लघवीसाठी आडोसा शोधत झाडीत शिरण्याची आपली सवय तिथे ठेवू नका. मळलेल्या पायवाटेवरच राहा. मातीत दिसलेल्या चेंडूएवढ्या धातूच्या वस्तूला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका.

ताटात काय आहे ते विचारा

तिथलं मुख्य अन्न म्हणजे वाफवलेला चिकट भात. तो बांबूच्या टोपलीत येतो आणि हाताने गोळा करून चटणीत बुडवून खातात. आपल्याला हे लगेच जमतं. म्हणूनच जेवणाआधी हात साबणाने धुवायला विसरू नका. पाणी बंद बाटलीतलं प्या. गरम वाफाळतं 'फं', म्हणजे रस्सा-शेवयांचा वाडगा, पोटासाठी सगळ्यात बिनधोक. त्यासोबत येणारी कच्ची पानं आणि मोड ज्याने-त्याने आपल्या पोटाच्या भरवशावर खावीत. मी खाणार नाही.

खरी काळजी कच्च्या माशाची आहे. मेकाँगच्या खोऱ्यात गोड्या पाण्यातल्या माशांमध्ये यकृतातल्या पित्तनलिकांत जाऊन राहणाऱ्या एका चपट्या कृमीची पिल्लं असतात. लिंबाच्या रसाने, तिखटाने किंवा सोबत प्यायलेल्या दारूने ती मरत नाहीत. ती शिजवल्यानेच मरतात. हा कृमी वर्षानुवर्षं पित्तनलिकेत राहिला तर तिथे कर्करोग होऊ शकतो, आणि म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला निश्चित कर्करोगकारक ठरवलं आहे. एखाद्या वेळच्या खाण्याने कर्करोग होतो असं मुळीच नाही. त्या भागातले लोक जन्मभर खातात तेव्हा तो धोका तयार होतो. पण 'स्थानिक चव' म्हणून कच्चा मासा चाखून पाहायची गरज नाही. चाखला असेलच तर परतल्यावर डॉक्टरला सांगा, शौचाची तपासणी आणि गोळ्यांचा छोटा उपचार पुरतो. 'लाप' नावाचा खिम्याचा पदार्थ शिजवलेला आणि कच्चा दोन्ही तऱ्हांनी मिळतो. 'सुक' म्हणजे शिजलेलं आणि 'दिप' म्हणजे कच्चं, हे दोन शब्द लक्षात ठेवा. शाकाहारी लोकांनी आणखी एक जाणून घ्यावं: भाजीत, पपईच्या कोशिंबिरीत आंबवलेल्या माशाचं पाणी, 'पा देक', सर्रास घातलेलं असतं.

पोट बिघडलंच तर पहिलं औषध ओआरएस. पाकीट नेताना ते २०० मिलिलिटरचं आहे की एक लिटरचं ते वाचा. एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे पेशंट मी पाहिले आहेत, त्याने त्रास वाढतो. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मधुमेह्यांनीही ओआरएस घ्यायचं, त्यातल्या साखरेची भीती बाळगायची नाही. लोपामाइडची गोळी लांबच्या बसप्रवासापुरती ठीक, पण ताप असेल किंवा शौचात रक्त असेल तर अजिबात नको. प्रतिजैविक म्हणून आपल्याकडे लोक सवयीने सिप्रोफ्लॉक्सासिन बरोबर घेतात. दक्षिणपूर्व आशियात जुलाबाचे अनेक जंतू त्याला दाद देत नाहीत, तिथे ॲझिथ्रोमायसिन बरं. तेही मी लिहून दिलेल्या मात्रेत, आणि फक्त ताप, रक्त किंवा अंथरूण धरायला लावणारे जुलाब असतील तरच.

गावठी आणि फुकटची दारू

नोव्हेंबर २०२४ मध्ये लाओसमधल्याच वांग व्हिएंग या गावात भेसळीच्या दारूने सहा परदेशी पर्यटकांचा जीव गेला. बहुतेक तरुण होते. आपल्याला हे परकं नाही. २०१५ साली मुंबईत मालवणीत शंभरहून अधिक माणसं अशाच दारूने गेली.

मिथेनॉलचा रंग, वास, चव यांतून काही कळत नाही. घेतल्यावर साध्या दारूसारखीच नशा येते. शरीरात त्याचं फॉर्मिक ॲसिड व्हायला वेळ लागतो, म्हणून खरी लक्षणं साधारण बारा ते चोवीस तासांनी दिसतात. दुसऱ्या दिवशी डोकं, पोट दुखतं, उलट्या होतात, श्वास जोरात चालतो. लोक त्याला हँगओव्हर समजून झोपून राहतात. ओळखण्याची खूण डोळ्यांत आहे. धूसर दिसणं, धुक्यातून किंवा पांढऱ्या पडद्यातून पाहिल्यासारखं वाटणं. असं झालं तर वाट पाहू नका, मोठं रुग्णालय गाठा आणि 'मिथेनॉल' हा शब्द स्वतः उच्चारा. उतारा आहे, डायलिसिस आहे, पण ते वेळेत हवं. बरोबर प्यायलेल्या सगळ्यांना तपासायला न्या, लक्षणं नसली तरी.

घ्यायचीच असेल तर तुमच्यासमोर उघडलेली कारखान्यातली बिअर घ्या. भाताची घरगुती 'लाओ-लाओ', बादलीतली मिश्रणं आणि वसतिगृहाने दिलेला फुकट पेला टाळा. यजमानाचा मान राखायला पेला ओठांना लावून खाली ठेवला तरी भागतं.

डास, गुहा, कुत्री

डेंग्यूचा डास दिवसा चावतो आणि तो गावातच असतो. पावसाळ्यात, म्हणजे साधारण मे ते ऑक्टोबर, जोर जास्त. क्रीम घेताना पाकिटावर डीईईटीचं प्रमाण २० ते ३० टक्के आहे का ते पाहा. आपल्या बाजारातल्या अनेक क्रीममध्ये ते कमी असतं आणि दर दोन-तीन तासांनी पुन्हा लावावं लागतं. आधी सनस्क्रीन, त्यावर हे. मलेरिया लाओसमध्ये मुख्यतः दक्षिणेकडच्या जंगलभागात आहे. थाखेक आणि नेहमीच्या फेरीपुरतं डासांपासून बचाव बहुधा पुरतो. जंगलात रात्री राहणार असाल तर प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरशी बोला.

गुहांबद्दल. २००४ मध्ये थाखेकजवळच्या एका कड्यावर वटवाघळं पकडायला चढलेल्या गावकऱ्याला बुद्धाच्या दोनशेहून अधिक मूर्ती असलेली गुहा सापडली, ती आज श्रद्धास्थान आहे. वटवाघळं तिथल्या गुहांमध्ये आहेतच. त्यांना हात लावू नका. एखादं अंगावर आपटून ओरखडा उठला तरी तो कुत्रा चावल्यासारखाच धरा. दम्याच्या पेशंटनी विष्ठेचे थर असलेल्या कोरड्या, कोंदट गुहेत जाऊ नये. कोंग लोरमध्ये उन्हाळ्यात पाणी उथळ झालं की होडीतून उतरून पाण्यातून चालावं लागतं. पट्ट्याने बांधलेली सँडल घाला, अनवाणी उतरू नका. मधुमेह्याच्या पायाला संवेदना कमी असेल तर दगडाने कापलेलं त्याला रात्रीपर्यंत कळतही नाही.

प्राणी चावला, ओरबाडलं किंवा जखमेवर चाटलं, तर घड्याळ लावून पंधरा मिनिटं साबण आणि वाहत्या पाण्याने धुवा. मग त्याच दिवशी लसीचा शोध. तिथे पहिला डोस मिळाला आणि इम्युनोग्लोब्युलिन मिळालं नाही, तर घाबरू नका. पहिल्या डोसपासून सात दिवसांपर्यंत ते देता येतं, म्हणजे थायलंड किंवा घर गाठायला वेळ असतो. लसीचा कागद जपून आणा. उरलेले डोस इथे पूर्ण करता येतात.

तिथे ताप आला तर

फक्त पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन नको, कारण डेंग्यूत त्याने रक्तस्राव वाढतो. हृदयासाठी रोज ॲस्पिरिन घेत असाल तर फोन करून विचारा. डेंग्यूत फसवणारा काळ ताप उतरल्यावरचा असतो, तिसऱ्या ते सातव्या दिवशी. त्या वेळी पोटात जोराचं दुखणं, सततच्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणं, खूप गळून जाणं यांपैकी काहीही दिसलं तर दुचाकीची फेरी सोडून रुग्णालय गाठायचं.

परतल्यावर

आता तो पेशंट. अठ्ठेचाळीस वर्षांचे, मधुमेही. ताप, खोकला, वजन उतरलेलं. छातीच्या एक्स-रेत वरच्या बाजूला डाग. मी नेहमीचं प्रतिजैविक दिलं, तीन दिवसांत फरक नाही, म्हणून क्षयाची शंका धरून थुंकी तपासायला पाठवली. इथे कोणीही तेच केलं असतं, असं मी स्वतःला सांगते. पण प्रवासाचं मी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी त्यांची बायको सहज म्हणाली, "लाओसहून येऊन पंधराच दिवस झालेत हो, तिकडचं हवामान बाधलं असेल." पावसाळ्यात गेले होते, चिखलात गाडी घसरली होती, गुडघ्याला खरचटलं होतं.

रक्ताचं कल्चर पाठवलं आणि मोठ्या रुग्णालयात हलवलं. निदान निघालं मेलिऑइडोसिस. हा माती आणि साचलेल्या पाण्यातला जंतू आहे. लाओस आणि थायलंडच्या ईशान्य भागात तो भरपूर आढळतो, आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही आहे. निरोगी माणसाला सहसा काही करत नाही. मधुमेह हा त्याचा सगळ्यात मोठा मित्र. जखमेतून, पाण्यातून किंवा श्वासातून शिरतो. फुप्फुसात क्षयासारखा दिसतो, कधी यकृतात, प्लीहेत गळू करतो. नेहमीची बरीच प्रतिजैविकं त्यावर चालत नाहीत, शिरेतून ठरावीक औषधं निदान दहा-चौदा दिवस आणि मग तोंडाने काही महिने गोळ्या लागतात. उशीर झाला तर माणूस जातो. ते वाचले, अतिदक्षता विभागातून परत आले. माझे तीन दिवस मात्र वाया गेले होते, त्यांचे नव्हे, माझ्यामुळे.

म्हणून परतल्यावर ताप आला तर पहिलंच वाक्य हे असू द्या: "मी अमुक तारखेला लाओसहून आलो." डॉक्टर विचारण्याची वाट पाहू नका. डेंग्यू साधारण दोन आठवड्यांच्या आत उमटतो. मलेरिया सातव्या दिवसानंतर कधीही, कधी महिन्यांनी. लेप्टो, टायफॉइड आणि स्क्रब टायफस एक ते चार आठवड्यांत. स्क्रब टायफसमध्ये काखेत, जांघेत किंवा पट्ट्याखाली सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते. ती दुखत नाही, त्यामुळे शोधावी लागते. लाजू नका, दाखवा. मेलिऑइडोसिस बहुधा तीन आठवड्यांत, पण कधी वर्षांनीही. मधुमेही प्रवाशाला त्याच्या डॉक्टरने लॅबला कळवावं की या जंतूची शंका आहे, नाहीतर तो दुसराच समजून सोडून दिला जातो.

ती बापलेक महिन्याभराने आली. वडिलांनी दुचाकी घेतलीच नव्हती, टुकटुकने फिरले आणि कोंग लोरला बसने गेले. मुलीच्या उजव्या पोटरीवर सायलेन्सरचा तळहाताएवढा डाग होता, पाण्याखाली धरला होता म्हणाली, टूथपेस्ट लावली नव्हती. जखम कोरडी होती. ड्रेसिंग बदललं, आणि वडिलांच्या केसपेपरवर वरच्या कोपऱ्यात लाल पेनाने 'लाओस' आणि परतल्याची तारीख लिहून ठेवली.